रीडिंग

माथारपाखाडीत सेराफिनाबाईंचा मीटर जिन्याखाली होता,
आणि मीटरशेजारी, मोरीच्या फुटक्या कडेला, नागदवणा.
दर दोन महिन्यांनी मी टॉर्च मारून आकडा घ्यायचो
आणि नाकात तो वास घेऊन पुढच्या दारी जायचो.
शेवटच्या फेरीला त्यांनी पेपरात गुंडाळून कांदा दिला,
तान्ह्या पोराच्या डोक्याएवढा.
म्हणाल्या, "मान बाहेर ठेव. आणि त्याला छळू नको."

मान बाहेर ठेवली.

कन्नमवार नगर, दुसरा मजला, पश्चिमेची गॅलरी.
ऑइलपेंटचा वीस लिटरचा डबा, बुडाला सहा भोकं.
पहिल्या वर्षी पानं. दुसऱ्या वर्षी पानं.
नोकरी सुटली तरी हात सुटत नाही, वहीत लिहीत गेलो:
मागील रीडिंग नऊ, चालू रीडिंग अकरा,
वापर दोन पानं.
दर फाल्गुनात उपसून बघायचो,
कुजला का, मुळं धरली का, खाली चाललंय काय.
डब्यातून कुंडीत, कुंडीतून मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात,
खोक्यातून परत डब्यात.
हाडांचा चुरा घातला, शेंगदाण्याची पेंड, चहाचा चोथा.
शालन म्हणाली, "बाळंतिणीची खोली आहे ती.
कितीदा दार उघडून बघाल?"

बाकीच्यांनी अब्रू राखली.
मे फ्लॉवर नेमून दिलेल्या महिन्यात हजर, सरकारी माणसासारखा.
अ‍ॅमरिलिसचं पाणी मार्गशीर्षात तोडलं,
पलंगाखाली अंधारात निजवला,
शिमग्याला उठला तो दांडा घेऊनच.
रेन लिलीला महिनाभर तहानेली ठेवली
आणि एका संध्याकाळी पोटभर पाजलं;
चौथ्या सकाळी गॅलरीभर गुलाबी.
एवढंच काय, सिलिंडरमागे घरंगळलेला भाजीचा कांदा,
दहा रुपये किलोचा,
त्यानेसुद्धा अंधारात कोंब काढून वर पांढरं बोंड धरलं.
शालनने ते माझ्यासमोर ताटात आणून ठेवलं.
काही बोलली नाही.

सहाव्या वर्षी, माघात, जिन्यावरून पडलो. खुब्याचं हाड.
डॉक्टर मयेकर, वयाने माझ्या मुलाएवढे, म्हणाले,
"वाकायचं नाही. जड उचलायचं नाही.
आत हाड आपलं काम करतंय, त्याला करू द्या."
मी विचारलं, "कळणार कसं, करतंय की नाही?"
ते हसले.

पलंग गॅलरीच्या दाराशी आणला.
पडल्यापडल्या फक्त पानांची टोकं दिसायची.
फाल्गुन आला. फाल्गुन गेला.
शालन आठवेल तेव्हा तांदळाचं धुवण ओतायची.
चैत्रात डब्याची शिवण उसवली, मुळं बाहेर आली,
पाणी खालच्या शिरोडकरांच्या वाळत्या चादरींवर.
ते ओरडले. मी पडूनच माफी मागितली.
नातवाला म्हटलं, मोठ्या कुंडीत घाल रे.
तो हो म्हणाला, आणि मोबाईल घेऊन बसला.
मी वैतागलो.

ज्येष्ठातली एक रात्र. वीज गेलेली,
म्हणजे अख्ख्या कॉलनीतले मीटर थांबलेले.
घामाने जाग आली, आणि मग घामामुळे नाही.
हात उशाखाली टॉर्च शोधू लागला.
क्षणभर मी त्या जिन्याखाली होतो, खांद्याला पिशवी,
वरून सेराफिनाबाई विचारत होत्या, किती आलंय?

"शालन."
ती मोबाईलचा उजेड घेऊन गेली.
बराच वेळ गॅलरीतून काही ऐकू आलं नाही.
"आलंय," म्हणाली.
"किती?"
"पाच उघडलीत. कळ्या बऱ्याच आहेत. मोजू?"
"मोज," म्हणालो, "पण हात लावू नको."

ती मोजत होती, चुकत होती, परत पहिल्यापासून.
खालून शिरोडकरांची खिडकी उघडल्याचा आवाज आला.
वाटलं, पाण्याबद्दल असेल.
ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत.